चहात दूध घालून बघ

मिनझिफा आपा चहात दूध ओतायच्या आणि घोट घेण्याआधी कपात वाकून बघायच्या. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ चहात. दूध नीट मिसळलेलं दिसलं की मगच "बिस्मिल्ला" म्हणून पहिला घोट. ताशबुलाक गावातल्या साठीपुढच्या सगळ्याच बायका असं करत. नव्या सुनांना वाटायचं, सासूबाईंना कपात माशी पडल्याचा संशय येतोय.

प्रश्न माशीचा नव्हता. आपा तरण्या होत्या तेव्हा गावाला दोन झरे होते, वरचा आणि खालचा. तेलवाल्यांनी टेकडीवरच्या एका तेलविहिरीतून जमिनीत खारं पाणी दाबायला सुरुवात केली. त्या पाण्याने आजूबाजूच्या विहिरींकडे तेल ढकललं जातं, असा तो हिशेब. तेल ढकललं गेलं असेलही, पण एका हिवाळ्यात गावभर चहातलं दूध फाटायला लागलं. आधी दोष गाईंना लागला, मग दूध काढणारीला, मग भांडी नीट न घासणाऱ्या सुनांना. वरचा झरा खारा झालाय हे कळेपर्यंत निम्म्या गावाचं निम्म्या गावाशी बोलणं बंद झालं होतं. खालचा झरा तेवढा वाचला. आपांच्या नवऱ्याने पुढे त्याला दगडी तोंड बांधलं, वर लाकडी छप्पर घातलं आणि त्यावर आपल्या आईबापांचं नाव कोरलं. तो गेल्यावर लोकांनी त्याचंही नाव खाली कोरलं.

त्याची मुलगी सारिया त्याच तेलवाल्यांकडे इंजिनियर होती. आपांना त्याचं वावडं नव्हतं. त्यांनी स्वतः लहानपणी चारशे बारा नंबरची विहीर खोदली जात असताना तिथल्या कामगारांना दूध विकलं होतं. मोठ्या लोखंडी बुरुजाची शिडी चढून कॅन वर न्यायचा, निम्मं दूध अंगावर सांडायचं. ती विहीर आता म्हातारी झाली होती. बुरुज केव्हाच मोडून नेला होता, त्या जागी एक डोलता पंप रात्रंदिवस मान हलवत असे आणि दिवसेंदिवस कमी तेल काढत असे. आणि ती खालच्या झऱ्याच्या बरोब्बर डोक्यावर होती.

"या रांगेतली एक विहीर पाणी दाबायला द्यावीच लागणार," तेलक्षेत्राचे प्रमुख मन्सूर खाबिरोविच म्हणाले होते. त्यांच्यासमोर सारिया आणि तिचा सहकारी वालेरियन, विहिरीत केबल सोडणारं विंच-यंत्र चालवणारा, उभे होते. "चारशे बारा तरी, नाहीतर टेकडीपलीकडची ती दुसरी. पलीकडची अजून बरं तेल देते. चारशे बारा नुसतं पाणी ओकते. मग देऊन टाकू तिला."

सारियाला त्यातलं एकच ऐकू आलं. चारशे बारा.

"तिचं तेल संपलेलं नाही," ती म्हणाली. "मेणानं आणि गाळानं खडकाची छिद्रं बुजलीत. मला एकदा अल्ट्रासाऊंड लावू द्या."

"ॲसिड का नको? ते स्वस्त पडतं."

"पाइप झिजलेत. ॲसिड पाइपाबाहेर जाईल. आणि हे पाइप असे आहेत म्हणून तर म्हणतेय, यातून पाणी दाबलं तर तेही बाहेर जाईल."

"मध्ये रबरी बूच बसवतात, पाणी बाहेर झिरपत नाही, सारिया. तू शाळेत नाहीस." मन्सूर खाबिरोविचनी चष्मा काढून पुसला. "तुझं माहेर तिथेच ना? मग तू डॉक्टर आहेस की पेशंटची नातेवाईक?"

"दोन्ही."

"नातेवाइकानं ऑपरेशन करू नये म्हणतात." पण त्यांनी होकार दिला. एकदाच, असं बजावून दिला.  वालेरियन टोपी हातात धरून खिडकीबाहेर टेकडीकडे बघत होता.

वालेरियन चुवाश लोकांपैकी होता, टेकडीपलीकडच्या सिरमापोसी गावचा. वयाने सारियापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला 'अबी' म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्याच्या घरी मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि विंचच्या गाडीत त्याच्या सीटशेजारी मधाची बरणी कायम असायची. चहात तो मधच घालायचा. दुधाच्या चहाला तो 'वासरांचं पेय' म्हणायचा.

पहिल्या खेपेला तोच म्हणाला, "चला, डॉक्टरीणबाई, म्हातारीची सोनोग्राफी करू. पोटात तेल आहे की पाणी ते बघा, पण मला आधी सांगू नका, मला शेवटपर्यंत उत्सुकता आवडते."

यंत्र म्हणजे मनगटाएवढा जाड, माणसापेक्षा लांब असा पोलादी दांडा. तो केबलला लावून सतराशे मीटर खाली सोडायचा, जिथे पाइपाला भोकं पाडलेली आहेत आणि पलीकडे तेलाचा थर आहे, बरोब्बर तिथे. मग गाडीतल्या कपाटाचं बटण दाबायचं. खाली तो दांडा इतक्या बारीक लयीत थरथरतो की माणसाच्या कानाला काही कळत नाही, पण खडकातला गाळ सुटतो. अर्धा मीटर झाला की वर ओढायचं आणि पुढचा अर्धा मीटर. वर उभं राहणाऱ्याला ना दिसतं ना ऐकू येतं. सारियाला या कामातलं हेच नको वाटायचं. आचाऱ्याला वास तरी येतो, शिंप्याला कापड तरी दिसतं. इथे सगळी भिस्त केबलच्या मापावर.

एरवी दांड्याच्या शेपटाला एक छोटं उपकरण असतं. ते खडकाची जात ओळखतं आणि आपण कुठे आहोत ते सांगतं. त्या दिवशी त्यात पाणी शिरलं आणि ते मुकं झालं. दुसरं आणायला शहरात जावं लागलं असतं.

"थांबायचं का?" वालेरियनने विचारलं.

"नको. दुरुस्तीच्या माणसांनी पंप आजच काढून ठेवलाय, उद्या ती दुसरीकडे जाणार. मापावरच जाऊ या."

आराखड्यात दिलेल्या खोलीवर दांडा थांबला. सारियाने बटण दाबलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या अर्ध्या मीटरने वर सरकत तिने सगळा थर उरकला. तोंडाने ती काही म्हणत नव्हती, पण आतून सारखं चाललं होतं, सुट, बाई, सुट.

पंप पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी नळाखाली बाटली धरली, तर आत गढूळ पाणी आणि वर नखाएवढा तेलाचा पापुद्रा. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला तरी तेच. बाटली उजेडात धरून ती तिरकी करून बघायची, जणू तिरकी केल्याने तेल वाढणार होतं. मन्सूर खाबिरोविचनी बाटली हातातही घेतली नाही.

"सोमवारी दुरुस्तीवाले पंप काढतील," ते म्हणाले. "मग बूच बसवून पाणी चालू. तू प्रयत्न केलास, सारिया. गावात तोंड दाखवायला तेवढं पुरे."

गावात तोंड दाखवायचं तर होतंच, कारण शनिवारी आपांच्या घरी हंस साफ करायचा दिवस होता. पहिली कडक थंडी पडली की गावात एकेका घरी पाळीव हंस कापतात. शेजारच्या बायका जमून पिसं काढतात, गातात, कुणाकुणाची निंदा करतात. मग तरण्या मुली सोललेले हंस कावडीला लटकवून झऱ्यावर धुवायला नेतात. पुढच्या वर्षी त्या वाटेने तेवढे हंस यावेत म्हणून वाटेवर पिसं पसरतात.

सारिया मांडीवर हंस घेऊन पिसं उपटत होती.  आईला तिने अजून सांगितलंच नव्हतं. आज मुली झऱ्यावर जातील, आणि पुढच्या वर्षी? आई कपात वाकून बघेल, आणि एका सकाळी दूध फाटलेलं असेल. तेव्हा कुणी म्हणणारही नाही की सारियाने केलं. सगळे गाईंना बोल लावतील.

"मिनझिफा!" शेजारच्या खातिमा आपांनी हाक घातली. त्यांची जीभ पिसं उपटण्यापेक्षा जोरात चालायची. "तुझे पडदे बघ गं! नवरीच्या घागऱ्यासारखे लोळतायत."

आपा वैतागल्याच होत्या. "त्या नव्या पावडरीनं झालं. उन्हाळ्यापासून पेटीत होते. पाहुण्या येणार म्हणून धुतले, आणि बोटभर वाढले."

"धुतलेलं कापड आटतं, बाई. धुऊन काही वाढत असतं तर मी माझ्या नवऱ्याला रोज धुतला असता."

बायका खो खो हसल्या. एकीच्या हातातला हंस खाली पडला.

"अगं वेडे," हसणं ओसरल्यावर खातिमा आपा म्हणाल्या, "पडदे तेवढेच आहेत. जमीन वर आलीय. उन्हाळ्यात जुन्या फळ्यांवर नव्या फळ्या ठोकल्यास ना? आणि माप अजून जुन्या जमिनीचं धरतेस!"

सारियाचा हात थांबला.

माप. सतराशे मीटर. पण कुठून? तिने केबलचा शून्य धरला होता विहिरीच्या तोंडावर, जमिनीलगत. आणि जुन्या विहिरीची खोली जमिनीवरून मोजलेली नसते. खोदणारे बुरुजाच्या मजल्यावर उभे राहायचे आणि तिथून मोजायचे. बुरुज गेला, मजला गेला, तरी सगळ्या नोंदी त्या नसलेल्या मजल्यावरूनच चालत आल्या.

"आई," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिलाच परका वाटला. "तू लहानपणी दूध घेऊन त्या बुरुजावर चढायचीस, तो मजला किती उंच होता?"

"आत्ता हे काय काढलंस?"

"सांग ना."

"या घराच्या आढ्याएवढा असेल. खाली बघितलं की डोळे फिरायचे. का गं?"

पिसांनी भरलेल्या हातानेच सारिया अंगणात आली आणि तिने इल्गिझला फोन लावला. तो क्षेत्राचा नवा भूवैज्ञानिक, चांगला पोरगा, प्रत्येक वाक्याला 'हो मॅडम' म्हणणारा.

"इल्गिझ, चारशे बाराची खोली तू दिलीस, ती कुठून होती?"

"बुरुजाच्या मजल्यावरून, मॅडम. नोंदीत तशीच असते."

"मजल्याची उंची वजा करून दिलीस?"

 इल्गिझ हळूच म्हणाला, "ती तुम्ही करता ना, मॅडम?"

इथेच घोडं पेंड खात होतं. इल्गिझच्या आधीच्या भूवैज्ञानिक बाई उंची वजा करूनच आकडा द्यायच्या. त्या वसंतात निवृत्त झाल्या. इतकी वर्षं सारियाला विचारायची वेळच आली नव्हती, म्हणून याही वेळी तिने विचारलं नाही. चारशे बारात दांडा आढ्याएवढा जास्त खाली गेला होता. तिथे तेलाचा थर नव्हता, चिकणमाती होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दिवसभर ती मातीला गदागदा हलवत बसली होती, आणि वर उभी राहून सुट, बाई, सुट म्हणत होती. तिला इतकी लाज वाटली की ती अंगणातच खाली बसली.

मग ती उठली, हात धुतले आणि थेट मन्सूर खाबिरोविचांच्या घरी गेली. त्यांनी तिला दारातच उभं ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू चुकलीस."

"मी चुकले. उपकरण बंद पडलं तेव्हा मी थांबायला हवं होतं, आणि विचारायलाही हवं होतं."

"की आईचा झरा वाचवायला ही गोष्ट रचलीस? उद्या म्हणशील, दांडा उलटा लावला होता."

सारियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते आवडलं नाही, पण आलं. "इल्गिझला विचारा. आणि माझ्या नावावर चूक लिहा, हवं तर मला या कामावरून काढा. पण विहीर पाणी दाबायला द्यायच्या आधी एकदा योग्य जागी बघू द्या."

मन्सूर खाबिरोविच बराच वेळ दाराची कडी वरखाली करत राहिले. "पंप तर सोमवारी निघणारच आहे," शेवटी ते म्हणाले. "बूच मंगळवारी येईल. मधली एक पाळी तुझी. तेल आलं तर ठीक. नाही आलं, तर यापुढे माझ्यासमोर झऱ्याचं नाव काढायचं नाही."

सोमवारी हिमाचे कण उडत होते. उपकरण नवं होतं, तरी सारियाने जुनी नोंद काढली, त्यातली मजल्याची उंची पुन्हा पुन्हा वजा केली आणि वालेरियनलाही करायला लावली.

"झालं ना समाधान?" तो म्हणाला. आज त्याने सोनोग्राफीचा विनोद केला नाही.

दांडा खाली जाऊ लागला. निम्म्या वाटेवर केबल एकदम सैल पडली.

"अडकला," वालेरियन म्हणाला.

सारियाच्या तोंडचं पाणी पळालं. दांडा आत अडकून बसला, तर विहीर तेलालाही गेली आणि पाण्यालाही. पण मग बूच बसणार नाही, झरा वाचेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याचीच तिला भीती वाटली. नाही, तसं नको. चोरून वाचलेलं नको होतं तिला. "मेणाचं कडं असेल," ती म्हणाली. "अबी, हळूहळू वर घ्या, मग पुन्हा सोडा."

वालेरियनचा हात लिव्हरवर होता. तो हलेना. तो काचेतून टेकडीकडे बघत होता, त्या दिवशी ऑफिसात बघत होता तसा.

"अबी?"

"हो, हो. करतोय." त्याने केबल हळूच वर घेतली, सोडली, पुन्हा घेतली. तिसऱ्या खेपेला केबल ताणली गेली आणि दांडा खाली निघाला. त्या थंडीतही वालेरियनच्या कपाळावर घाम होता. त्याने तो बाहीने पुसला.

उपकरणाने थर ओळखला. जिथे असायला हवा तिथेच होता. सारियाने बटण दाबलं.

नंतरचे दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. ती जेवली की नाही, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पंप बसला. पहिल्या बाटलीत काळपट गाळ आला, दुसरीतही. बूच घेऊन आलेली गाडी तिथेच थांबून होती. मग एका दुपारी नळ आधी फुसफुसला, खोकला, आणि बाटलीत जाड, तपकिरी, कोमट धार पडली. सारियाने बाटली बाजूला ठेवून थोडा वेळ जाऊ दिला. पाणी तळाशी बसलं तेव्हा वर निम्म्याहून जास्त तेल होतं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. बुचाची गाडी टेकडी उतरून गेली. सारिया रडली आणि या वेळी तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिने मन्सूर खाबिरोविचना फोनवर सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं. "चूक कबूल केलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता पलीकडच्या विहिरीवर बूच पाठवतो."

"पलीकडच्या?"

"चारशे बारा आता तिच्यापेक्षा जास्त देते. पाणी कुठेतरी दाबायलाच हवं, सारिया. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्यासमोर."

"तिचे पाइपही तेवढेच जुने आहेत. खाली सिरमापोसी आहे, वालेरियनचं गाव."

"सगळीकडेच खाली गाव आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही.

सारिया माहेरी पोचली तेव्हा दारात विंचची गाडी उभी होती. वालेरियन झऱ्यावरून कॅन भरून आणत होता, एकदोन नव्हे, गाडीचा मागचा भाग भरेल इतके. पिसांच्या वाटेवर बर्फ पडलं होतं, त्यातून त्याच्या बुटांचे ठसे वर येत होते. आपांनी त्याला जबरदस्तीने आत बोलावलं, टेबलाशी बसवलं, बटाट्यांसह शिजवलेला हंस समोर ठेवला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," सारिया म्हणाली. ती दारातच उभी होती, कोट न काढता.

"तुलाही माहीत होतं. तुझ्यासमोरच बोलले ते."

"माझं लक्ष नव्हतं." तिने हे म्हटलं आणि तिला ते ऐकवेना. "दांडा अडकला तेव्हा तुम्ही थांबलात."

"थांबलो." वालेरियन बोटाने टेबलावरचं मिठाचं भांडं फिरवत राहिला. "जोरात ओढलं असतं तर केबल तुटली असती. मग चारशे बारा कायमची बंद, आणि बूच नक्की आमच्याकडेच आलं असतं. किंवा दोन्हीकडचा बेत रद्द झाला असता, कोण जाणे. मला तेवढा विचार जमला नाही. हात आपोआप नीट चालला. इतकी वर्षं नीट चालवलाय ना."

"आपण पलीकडच्या विहिरीलाही अल्ट्रासाऊंड लावू. मी उद्या जाते त्यांच्याकडे."

"ती आजारी नाही, सारिया. तिचं काय करशील?"

 मिनझिफा आपांनी सगळं ऐकलं होतं.  त्यांनी किटली आणली, वालेरियनचा कप भरला आणि तो मधाची बरणी काढायच्या आत कपात दूध ओतलं.

"आपा, मी दूध नाही घेत. आमच्या घरी चहात मध घालतात."

"आता दूध घालायला लाग," आपा म्हणाल्या. "रोज सकाळी, पिण्याआधी. आणि बायकोला सांग, फाटलं तर गाईला बोल लावू नको."

वालेरियनने चष्मा कपाळावर सरकवला आणि कपात वाकून बघितलं. आपाही त्याच्या खांद्यावरून वाकल्या. दूध फाटलं नव्हतं, आणि सारियाला त्याचा आनंद होईना.